व्यासपीठ, रंगपीठ आणि विद्यापीठ



घरांतील मुलगी बारावीची परीक्षा उत्तीर्ण होते आणि एके दिवशीं रात्रीं जेवतांना सांगते, "मला संज्ञापन आणि नाट्यकला या विषयांची पदवी घ्यावयाची आहे." वडील मंडळी क्षणभर गप्प बसतात. अभियांत्रिकी समजते, वैद्यक समजतें, कायदा समजतो. पण बोलणें आणि नाटक करणें या गोष्टी शिकण्यासाठीं कोणी विद्यापीठांत जातें काय? बोलावयास मूल आईच्या मांडीवर शिकतें, आणि नाटक ज्याच्या अंगांत असतें त्यालाच येतें, अशी आपली जुनी समजूत. मग पोटाचा प्रश्न निघतो आणि बोलणें तेथेंच खुंटतें. त्या घरानें उत्तर देण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहावा, अशी माझी विनंति आहे. हीच शंका मोठमोठ्या विद्यापीठांनीं शंभराहून अधिक वर्षें बाळगली होती, आणि तिचा निकाल कसा लागला हें जाणून घेण्यासारखें आहे.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. सारा जन्म शाळेंत मराठी आणि इतिहास शिकविण्यांत गेला. विद्यापीठाची इमारत मीं बाहेरूनच पाहिली. परंतु बाहेर उभा राहणाऱ्यालाहि एक सोय असते; कोण कोणत्या दारानें आंत शिरलें तें त्याला नीट दिसतें. वक्तृत्व आणि नाट्य या दोन भगिनी विद्यापीठांत कशा शिरल्या, कांहीं काळ एका घरांत कशा नांदल्या आणि पुढें विभक्त कशा झाल्या, ती कथा आज सांगतों. ती मुख्यतः अमेरिकेंतील आहे. कारण या दोहोंना एका छपराखालीं आणून पदवी देण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो त्याच देशांत.

हार्वर्ड हें तेथील सर्वांत जुनें महाविद्यालय. त्याची स्थापना १६३६ सालची. तेथें जुन्या काळीं विद्यार्थ्याला लॅटिन भाषेंत वाद करावा लागे आणि पाठ केलेलीं भाषणें सभेपुढें म्हणून दाखवावीं लागत. याचें कारण उघड आहे. तेथून बाहेर पडणारा तरुण धर्मोपदेशक, वकील किंवा मुत्सद्दी व्हावयाचा. त्याचा सारा जन्म वाणीवर चालावयाचा. १८०६ सालीं तेथें निकोलस बॉयल्स्टन या व्यापाऱ्याच्या नांवानें वक्तृत्वाचें अध्यासन सुरू झालें. त्यावर प्रथम बसले ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. हे त्या वेळीं सिनेटचे सभासद होते आणि पुढें १८२५ मध्यें राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचीं व्याख्यानें १८१० सालीं पुस्तकरूपानें निघालीं. म्हणजे वक्तृत्व विद्यापीठांत शिरलें तें पुढच्या दारानें, आणि मानानें.

नाट्याची स्थिति मात्र अगदीं उलट होती. ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत हें हार्वर्ड आहे, त्याच प्रांतानें १७५० सालीं नाटकांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि तो १७९३ पर्यंत टिकला. तरुणानें काळा झगा घालून प्रवचन केलें तर ती विद्या. त्यानेंच रंगीत पोशाख चढवून संवाद म्हटले तर तो गुन्हा! वास्तविक दोन्ही ठिकाणीं श्वास तोच, स्वर तोच, हात उचलण्याची रीत तीच. परंतु व्यासपीठ आणि रंगपीठ यांच्यामध्यें समाजानें भिंत उभी केली होती, आणि विद्यापीठानें ती मानली.

यानंतर एक मौजेची गोष्ट घडली. बॉयल्स्टन अध्यासन टिकलें, पण त्यावरील वक्तृत्व टिकलें नाहीं. १८१९ ते १८५१ पर्यंत एडवर्ड चॅनिंग हे त्या जागीं होते. इमर्सन आणि थोरो हे त्यांचे विद्यार्थी. चॅनिंग यांचा भर लेखनावर अधिक. त्यांच्या मागून आलेले फ्रान्सिस चाइल्ड यांचें मन जुन्या लोकगीतांत रमलें. इंग्लंड-स्कॉटलंडचे ३०५ पोवाडे त्यांनीं पाठभेदांसह संपादित केले, हें त्यांचें मोठें कार्य. १८७४ च्या सुमारास हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेंत लेखी निबंध आला. पुढें पुढें तर हें अध्यासन कवींचें स्थान झालें. आयरिश कवि सीमस हीनी हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याच जागीं होते. वक्त्यांसाठीं मांडलेल्या पाटावर शेवटीं कवि बसला. कवीचा मान मोठाच आहे. पण ज्याच्यासाठीं पाट मांडला, तो पाहुणा कोठें गेला?

विद्वान् लोक याचीं अनेक कारणें देतात. वाङ्मयाचा अभ्यास वाढला, छापील पुस्तकें स्वस्त झालीं, जर्मन विद्यापीठांतील संशोधनाची पद्धति आली. हें सारें खरें आहे. माझ्या मास्तरकीच्या अनुभवावरून मी त्यांत एका साध्या कारणाची भर घालतों. साठ मुलांचे निबंध तपासावयाचे तर गठ्ठा बांधून घरीं नेतां येतो. साठ मुलांचें बोलणें तपासावयाचें तर साठ वेळां समोर बसून ऐकावें लागतें. ऐकणें घरीं नेतां येत नाहीं. आमच्या शाळांतूनहि तोंडी परीक्षेचें असेंच झालें. तास अपुरा, मुलें फार, म्हणून अंदाजानें गुण टाकून मोकळें व्हावें. वर्ग वाढला कीं प्रथम बळी जातो तो मुलाच्या वाणीचा. कोणाचा तिच्यावर राग नसतो. ती ऐकण्यास वेळ लागतो, इतकेंच.

विद्यापीठानें वाणीकडे पाठ फिरविली, तेव्हां ती खासगी शाळांतून आश्रयाला गेली. पठणकलेची ही चळवळ मूळची ब्रिटनमधील. तिचे एक प्रवर्तक टॉमस शेरिडन हे स्वतः नट होते, आणि त्यांचीं पठणावरील व्याख्यानें १७६२ सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें फ्रान्समधील देल्सार्त यांच्या अंगविक्षेपशास्त्राची अमेरिकेंत मोठी हवा झाली. १८८० मध्यें चार्ल्स इमर्सन यांनीं बोस्टन येथें पठण, वक्तृत्व आणि नाट्य यांची शाळा काढली. तीच आजचें इमर्सन कॉलेज. व्यासपीठ आणि रंगपीठ यांमधील भिंत प्रथम पाडली ती अशा लहान शाळांनीं, हें त्यांचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. परंतु पुष्कळ ठिकाणीं त्या विद्येला यांत्रिकपणा आला. शोक म्हणजे हात कपाळाशीं, क्रोध म्हणजे मूठ वर, असे नकाशेच तयार झाले. शब्दांत अर्थ काय आहे हें पाहावयाच्या आधींच हात वर जाऊं लागला. विद्यापीठांतील पंडितांनीं नाकें मुरडलीं तीं कांहीं सर्वस्वीं अकारण नव्हेत.

आतां या कथेंतील मुख्य पुरुष येतो. जॉर्ज पिअर्स बेकर हे हार्वर्डमध्यें युक्तिवाद शिकवीत. सभेंत आपला पक्ष कसा मांडावा, प्रतिपक्षाचें खंडन कसें करावें, यावरील त्यांचें पुस्तक १८९५ सालीं निघालें. याच गृहस्थांनीं पुढें नाट्यलेखनाचा वर्ग काढला. हा योगायोग नव्हे. वादांत दोन बाजू समोरासमोर उभ्या असतात आणि नाटकांतहि असतात. दोन्ही ठिकाणीं समोर बसलेल्या माणसाचें मन क्षणाक्षणाला राखावें लागतें. बेकर यांच्या वर्गाचा अनुक्रमांक होता ४७. १९१२ च्या सुमारास त्यांनीं त्याला जोडून एक कार्यशाळा उघडली. वर्गांत लिहिलेलीं नाटकें तेथें प्रत्यक्ष रंगभूमीवर येत. प्रेक्षक निमंत्रित असत, आणि पाहिलेल्या प्रयोगावर त्यांनीं आपला अभिप्राय लिहून द्यावयाचा असा दंडक होता. तिकिटाचे पैसे नकोत, पण नीट ऐका आणि काय ऐकूं आलें तें सांगा! गठ्ठा घरीं नेणाऱ्या विद्यापीठांत एका प्राध्यापकानें ऐकणारी मंडळी पुन्हां जमविली. यूजीन ओनील हे १९१४-१५ मध्यें या वर्गांत बसले. त्यांना १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीहि हार्वर्ड बधलें नाहीं. नाट्याची पदवी नाहीं, नाट्यगृह नाहीं. १९२४ मध्यें एडवर्ड हार्कनेस या धनिकानें येल विद्यापीठाला नाट्यविभाग आणि नाट्यगृह यांसाठीं दहा लक्ष डॉलर देऊं केले. येलनें बेकर यांना बोलाविलें, आणि १९२५ मध्यें ते हार्वर्ड सोडून गेले. एका विद्यापीठाला जें ओझें वाटलें, तें दुसऱ्यानें भूषण म्हणून मिरविलें.

या कथेंत १९१४ हें साल फार महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं दोन गोष्टी घडल्या. पहिली पिट्सबर्ग येथें. पिट्सबर्ग ही पोलादाची नगरी, आणि तेथील कार्नेगी यांची संस्था यंत्रविद्येची. त्या संस्थेंत टॉमस वुड स्टीव्हन्स यांनीं नाट्यविभाग उघडला, आणि नाट्यांतील पदवी देणारा तो अमेरिकेंतील पहिला विभाग ठरला. जी गोष्ट हार्वर्डच्या पंडितांना पटली नाहीं, ती भट्ट्या आणि यंत्रें यांच्या शेजारीं सहज रुजली. कारागिरी हातानें शिकावी लागते हें तेथें कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

दुसरी गोष्ट शिकागो येथील. इंग्रजीच्या शिक्षकांची परिषद नोव्हेंबरांत तेथें भरली होती. वक्तृत्व शिकविणारे शिक्षक तेव्हां इंग्रजी विभागांत असत. त्यांच्यांतील सतरा जण बाजूला बसले आणि त्यांनीं सार्वजनिक भाषणाच्या शिक्षकांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. विस्कॉन्सिनचे जेम्स ओनील हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षीं त्यांचें त्रैमासिक निघालें. सतरा माणसें म्हणजे आपल्याकडील एखाद्या वाचनालयाची कार्यकारिणी! पण त्यांची मागणी स्पष्ट होती. बोलणें हा लिहिण्याचा धाकटा भाऊ नव्हे. त्याला स्वतःचा विभाग, स्वतःचें संशोधन आणि स्वतःची पदवी हवी.

त्यानंतरचीं पंचवीस-तीस वर्षें हा या विद्येचा बहराचा काळ. अनेक विद्यापीठांत, विशेषतः मध्यपश्चिमेकडील प्रांतांत, 'वाणी'चे विभाग निघाले. त्या एका घरांत वादविवाद, प्रकट वाचन, नाट्य, उच्चारदोषांवरील उपचार आणि लवकरच नभोवाणी असे सारे चुलतभाऊ नांदूं लागले. कॉर्नेल विद्यापीठांत १९२० पासून ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि क्विन्टिलियन यांचे ग्रंथ पुन्हां बारकाईनें वाचले जाऊं लागले, म्हणजे विद्येला शास्त्राची बैठक मिळाली. आयोवा विद्यापीठानें १९२२ मध्यें ठरविलें कीं, उच्च पदवीसाठीं प्रबंधाच्या जागीं सर्जनशील कृतीहि चालेल. तेथील ई. सी. मेबी यांच्या नाट्यविभागांतून १९३८ सालीं टेनेसी विल्यम्स पदवीधर झाले.

या एकत्र कुटुंबाचें उत्तम फळ कोणतें, असें कोणी विचारील तर मी 'जिवंत वर्तमानपत्रा'कडे बोट दाखवीन. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेंत लाखों माणसें बेकार झालीं, आणि त्यांत नटहि होते. १९३५ मध्यें सरकारनें त्यांच्यासाठीं एक नाट्ययोजना काढली. तिचें संचालन आलें तें हॅली फ्लॅनगन या प्राध्यापिकेकडे. त्या बेकर यांच्या विद्यार्थिनी. त्यांच्या मंडळींनीं शेतमालाचा भाव, शहरांतील चाळींची दुर्दशा अशा चालू विषयांवर माहिती गोळा केली, आंकडे तपासले आणि तीं नाटकरूपानें रंगभूमीवर मांडलीं. मध्येंच ध्वनिवर्धकांतून एक आवाज उठे आणि प्रेक्षकांना वस्तुस्थिति सांगे. १९३८ सालीं न्यूयॉर्कमध्यें गरिबांच्या घरांविषयींचें असें नाटक झालें, तेव्हां रंगभूमीवर मोडकळीस आलेली चाळच उभी केली होती. बातमी आणि नाट्य, व्यासपीठ आणि रंगपीठ हीं येथें खरोखरच एक झालीं. हें बोलणें कित्येक पुढाऱ्यांच्या कानांना बोंचलें, आणि १९३९ मध्यें तेथील विधिमंडळानें योजनेचा पैसा बंद केला. पोटाचा प्रश्न विचारणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, देशावर संकट आलें त्या वेळींहि या विद्येला काम होतें, आणि तें काम इतकें परिणामकारक ठरलें कीं कोणाला तरी तें थांबवावेंसें वाटलें.

पुढें कुटुंब विभक्त झालें. उच्चारदोषांवर उपचार करणाऱ्यांनीं १९२५ मध्येंच आपलें बिऱ्हाड निराळें केलें होतें. १९३६ मध्यें नाट्यशिक्षकांनीं आपली संघटना काढली. आणि महायुद्धाच्या काळांत विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखालीं सामूहिक संज्ञापनाचें नवें शास्त्र उभें राहूं लागलें. यांतहि दैवाचा एक खेळ आहे. श्रॅम लहानपणापासून बोलतांना फार अडखळत, आणि आयोवाच्या वाणीतज्ज्ञांकडे त्यांनीं उपचार घेतले होते. एका माणसाचें एक वाक्य नीट बाहेर पडावें म्हणून जेथें कोणी तासन् तास बसून ऐकत होतें, तेथेंच वावरलेल्या या गृहस्थानें पुढें लक्षावधि श्रोत्यांवर वृत्तपत्रांचा आणि नभोवाणीचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास उभारला.

त्या सतरा शिक्षकांच्या संघटनेचें नांवच पाहा ना. १९१४ मध्यें त्यांत 'सार्वजनिक भाषण' होतें. १९२३ मध्यें तें नुसतें 'वाणी' झालें. १९७० मध्यें 'वाणी-संज्ञापन' झालें. १९९७ मध्यें 'वाणी' गळाली आणि एकटें 'संज्ञापन' उरलें. विषय वाढला, क्षेत्र विस्तारलें, यांत शंका नाहीं. परंतु हार्वर्डच्या अध्यासनाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आपल्याकडे काय झालें? आपल्या परंपरेंत ही भिंत मुळांतच नव्हती. भरतानें अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, आहार्य आणि सात्त्विक यांच्याबरोबर वाचिकालाहि स्थान दिलें. आणि प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करतांना प्रेक्षक कसा असावा, परीक्षण करणारे प्राश्निक कोण असावेत, हेंहि सविस्तर लिहून ठेविलें. बेकर यांनीं अभिप्राय मागितला तो विचार आपल्याकडे इतका जुना आहे. महाराष्ट्रांत १८८० मध्यें किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली, आणि पुढें अशा मंडळींचें बिऱ्हाड हेंच नटाचें विद्यापीठ झालें. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीममास्तर एकेका वाक्यावर घोटून घेई. तेथें पदवी नव्हती, पण ऐकणारा कान होता.

स्वातंत्र्यानंतर या विद्यांना संस्था मिळाल्या, परंतु त्या पहिल्यापासूनच वेगवेगळ्या. दिल्लींत १९५९ मध्यें राष्ट्रीय नाट्यविद्यालय निघालें, आणि १९६५ मध्यें भारतीय जनसंचार संस्थान. या दुसऱ्या संस्थेच्या पूर्वतयारींत सल्ला देण्यासाठीं तेच श्रॅम आले होते. पुणें विद्यापीठांत पत्रकारितेचा विभाग १९६४ मध्यें फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूंत सुरू झाला, आणि नाट्य-संगीत-नृत्याचें ललित कला केंद्र १९८७ मध्यें गणेशखिंडीच्या आवारांत. दोन्ही ठिकाणांहून गुणी माणसें बाहेर पडलीं. पण अमेरिकेंत एका घरांत राहून मग विभक्त झालेले भाऊ आपल्याकडे आले ते स्वतंत्र पत्ते घेऊनच. त्यामुळें वार्ता सांगणाऱ्याला स्वर कसा लावावा हें कोणी शिकवीत नाहीं, आणि नटाला आपल्या गांवांतील पाणीटंचाईचे आंकडे कोठें शोधावेत हें कोणी सांगत नाहीं, असें होण्याचा धोका राहतो.

आतां त्या जेवणाच्या वेळच्या प्रश्नाकडे वळतों. मुलीला नाहीं म्हणूं नका. ही विद्या शिकण्यासारखी आहे काय, या वादाचा निकाल येलनें, पिट्सबर्गनें आणि आयोवानें केव्हांच लावला आहे. मात्र प्रवेशपत्रिका भरण्यापूर्वीं त्या संस्थेंत स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारा. वर्षभरांत विद्यार्थी प्रत्यक्ष माणसांपुढें किती वेळां उभा राहतो? उभा राहिल्यावर त्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून दोष सांगणारा गुरु कोणी आहे काय? आणि जें बोलावयाचें तें खरें आहे कीं नाहीं, हें पडताळण्याची शिस्त तेथें लावतात काय? इमारत, यंत्रसामग्री, छायाचित्रणाचे दिवे हें सारें यानंतर पाहावें. वर्गांत विद्यार्थी किती आहेत हेंहि विचारण्यास संकोच करूं नका. कारण हार्वर्डची वाणी गेली ती संख्येच्या गर्दींतच.

आणि एक काम घरींच करण्यासारखें आहे. त्याला शुल्क पडत नाहीं. जेवण झाल्यावर दहा मिनिटें त्या मुलीला एखादा उतारा मोठ्यानें वाचावयास सांगा, आणि हातांतील दूरध्वनि बाजूला ठेवून तो सर्वांनीं ऐका. कोठें शब्द अडला, कोठें अर्थ निसटला, तें तिला सांगा. चार महिने हें केलेंत, तर या विद्येची तिला खरी ओढ आहे कीं नाहीं तें तिलाहि कळेल आणि आपणांसहि.